कडधान्याप्रमाणे वापरा

संपादकांनी सांगितलं, "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. सोयाबडी विकणारी बाई आमच्या अंकात अजून आलेली नाही." गमती आहेत, आणि लिहीनही. पण त्या नोकरीतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर ती भीती. आजही कुणाच्या ओट्यावर झाकलेलं पातेलं दिसलं की मी न विचारता झाकण उचलते आणि वास घेते. लोकांना वाटतं, ही बाई हावरट आहे. वाटू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांना आधी बडी म्हणजे काय ते सांगते. आमच्या माळव्यात सोयाबीन अमाप. त्यातलं तेल काढून घेतलं की मागे पेंड उरते. तिचं पीठ करतात, त्यात पाणी घालतात आणि तापलेल्या नळीतून प्रचंड दाबाने पुढे रेटतात. नळीच्या तोंडातून सुटताना ते फसकन फुगतं आणि फिरती सुरी त्याचे तुकडे पाडते. वाळवलं की झाली बडी. हलकी, पिवळसर, आतून जाळीदार. कोरडी चावली तर पुठ्ठा. गरम पाण्यात टाकली की टम्म होते, आणि रश्शात शिजली की दाताखाली थेट मटणासारखी लागते. हे शेवटचं वाक्य बोलायची मला कारखान्यात बंदी होती. त्याचीच ही हकिकत आहे.

आमचा कारखाना इंदूरच्या पोलोग्राउंडला, वरती पत्रे, आत यंत्राची घरघर आणि भाजलेल्या पिठाचा वास. मी तिथली डेमोवाली. पिशवीत स्टोव्ह, कढई, मसाल्याचा डबा आणि पाकिटं घेऊन मोहल्ल्यामोहल्ल्यात जायचं, बायका जमवायच्या, बडीची भाजी करून खायला घालायची आणि घरी ती कशी ठेवायची ते शिकवायचं. हे काम मला मिळालं ते माझ्या लिहिण्यामुळे. दवेसाहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, त्यांना अशी मुलगी हवी होती जी बोलेलही आणि पाकिटातलं पत्रकही लिहील, हिंदीत आणि मराठीत.

पत्रकं मला नवीन नव्हती. माझे आजोबा महूला फौजेत होते. बाबा फौजेत न जाता इंदूरला आले, गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, लागले आणि युनियनची पत्रकं वाटू लागले. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढीगभर. गादीखाली पत्रकं, कपाटाच्या फळीवर पत्रकं. जोडाक्षरं मी शाळेच्या आधी त्यांच्यावर शिकले. माझं नाव मित्रा. बाबा मला एकेक पत्रक मोठ्याने वाचायला लावायचे आणि वाचून झालं की विचारायचे, "मित्रा, ह्यात खोटं कुठे आहे?" कधी नसायचं, कधी असायचं, आणि असलं तर ते आमच्याच बाजूचं असलं तरी सांगावं लागायचं. ही आमच्या घरातली शिकवणी.

मग गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं. त्याच काळात पाटणीपुऱ्याच्या दुकानांत रंगीत पाकिटं लटकायला लागली. वर्तमानपत्रं म्हणायची, बाजार खुला झाला. आमच्या चाळीला दिसलं ते एवढंच की बाजार उघडला आणि फाटक बंद झालं. बाबा रोज जेवणाचा डबा न घेता धरण्याला जाऊन बसायचे. घरात पगार एकटा माझा. हे मी सबब म्हणून सांगत नाही, पण पुढे जे केलं ते ह्याच घरात राहून केलं, म्हणून सांगते.

आता गमती. अन्नपूर्णा भागातल्या एका घरून तक्रार आली की तुमच्या बडीला बुरशी लागते. मी गेले. घर चकाचक, डबे आरशासारखे.

"बडी कुठे ठेवता ताई?"

"बाहेर."

बाहेर म्हणजे मागच्या गॅलरीत, मोरीच्या कठड्यावर, फिनेलच्या बाटलीला टेकून. पाकिटाचं तोंड उघडं.

"इथे कशाला? ओल लागते ना इथे."

"मग काय स्वयंपाकघरात ठेवू? तुम्ही पण ना! बघा तरी दिसते कशी. सासूबाई म्हणाल्या, सोया असो की फोया, दिसतं तर तेच आहे, माझ्या चुलीजवळ नको. पण डॉक्टरांनी मुलाला प्रोटीन सांगितलंय, मग काय करू मतलब?"

मुलगा बिचारा गॅलरीत बसून वेगळ्या ताटलीत खायचा. मी तिला समजावलं की कोरडी बडी म्हणजे स्पंज, शेजारच्या वस्तूचा वास आणि हवेतली ओल दोन्ही ओढून घेते. घट्ट झाकणाचा डबा हवा, कोरडा चमचा हवा, भिंतीपासून आणि मोरीपासून लांब हवी, म्हणजे महिनोन् महिने टिकते. तिने बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढला, नवं पाकीट त्यात ओतलं, आणि सासूबाईंना कळू नये म्हणून वर चिठ्ठी चिकटवली, 'साबुदाणा'. पुढच्या एकादशीला त्या घरात काय झालं ते मी विचारायला गेले नाही.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. आमच्याकडे वैशाखात वर्षाचा गहू भरायची रीत आहे. कोठीत गहू ओततात आणि किडीसाठी मध्ये विषारी गॅसच्या गोळ्या ठेवतात. चाळीतल्या एका बाईने मला मोठ्या कौतुकाने दाखवलं, "हे बघ मित्रा, मी किती सेफ ठेवलंय! कोठीत एक पण किडा येत नाही." फोडलेलं पाकीट तिने गोळ्यांच्या पुडीशेजारी गव्हात खोचलं होतं. मी ते ओढून काढलं, अंगणात नेलं, खड्डा करून पुरलं आणि दोघींचे हात साबणाने दोन-दोनदा धुतले. ती म्हणत राहिली, "अगं नवीनच होतं, काल तर आणलं!" तोवर मला वाटायचं की मी पाकिटं विकते. त्या दिवशी कळलं की मी घराघरांत एक अशी वस्तू सोडून येते जिची कुणाच्याच आजीला सवय नाही. गव्हाचं काय करायचं, दुधाचं काय करायचं, हे हात आपोआप करतात. बडीसाठी हाताला काही सवयच नव्हती. म्हणून प्रत्येक घर तिला आपल्या ओळखीच्या कुठल्या तरी वस्तूच्या जागी बसवायचं. कुणी मांस समजून बाहेर टाकायचं, कुणी धान्य समजून कोठीत घालायचं.

आणि कोरड्या बडीची तर काहीच काळजी नाही. धोका आहे तो भिजलेल्या बडीत.

हे मला शिकवलं देशपांडेबाईंनी. आमची लॅब म्हणजे एक खोली, आणि तिच्यात ह्या एकट्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून आलेल्या. माझ्या 'करून राहिले, जाऊन राहिले'ला हसायच्या, पण शिकवायच्या मन लावून. एकदा त्यांनी भिजवलेल्या बडीची वाटी टेबलावर रात्रभर झाकून ठेवली आणि सकाळी मला वास घ्यायला लावला.

"काय येतंय?"

"काही खास नाही. थोडं आंबूस."

"बस, एवढंच येणार. पाणी आहे, प्रथिन आहे आणि इंदूरचा उन्हाळा आहे. जंतूंना आणखी काय पाहिजे?"

"पण बाई, शिजवलं की मरतात ना?"

"जंतू मरतील. त्यातल्या काहींनी तोवर जे विष सोडलंय ते उकळूनही जात नाही. गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायची, पिळायची, लगेच शिजवायची, लगेच खायची. उरली तर फ्रीजमध्ये, फ्रीज नसेल तर उरवायचीच नाही."

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मग सरळ मटणासारखी समज ना. मटण आणून कोणी रात्रभर पातेल्यात ठेवतं का?" आमच्याकडे रविवारी मटण यायचं. पिशवी ओट्यावर टेकायच्या आत त्याला हळद-मीठ लागायचं आणि पातेलं चुलीवर चढायचं. लहान मुलालाही ते माहीत होतं. देशपांडेबाईंचा सगळा धडा आईच्या एका वाक्यात बसला. मी तेच वाक्य पत्रकात घातलं: 'भिजलेली बडी मटणासारखी समजा. लगेच शिजवा, उरवू नका.' मला स्वतःचा अभिमान वाटला. छोटं वाक्य, आणि एकही शब्द खोटा नाही.

दवेसाहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"मित्राजी, ये क्या लिख दिया? मटन? पाकिट में मटन छापेंगे तो आधा इंदौर हाथ नहीं लगाएगा."

"सर, पण समजायला सोपं आहे. लोक चूक करणार नाहीत."

"लोग समझदार हैं. सोयाबीन दाल ही तो है. दाल जैसा लिखो."

त्यांनी लाल पेनने माझी ओळ खोडली आणि वर लिहिलं: कडधान्याप्रमाणे वापरा. मी म्हटलं, "सर, हे चूक आहे." ते म्हणाले, "छपाई आज ही जानी है." मी दारात उभी राहिले. बाबांचा प्रश्न मला त्याच क्षणी ऐकू आला, ह्यात खोटं कुठे आहे, आणि बोट ठेवून दाखवता आलं असतं. मी मनाशी म्हटलं, डेमोमध्ये तोंडाने सांगेन की. आणि प्रूफवर सही केली. माझ्या आयुष्यात छापून आलेलं हे पहिलं पत्रक.

कडधान्य आपण कसं वापरतो ते मराठी घराला सांगायला नको. हरभरा, वाटाणा, राजमा, संध्याकाळी पाण्यात टाकायचा, झाकायचा, सकाळी शिजवायचा.

मे महिना होता. धरण्याला बसलेल्यांची मागणी एकच, फाटक उघडा. फाटकासमोर ताडपत्रीखाली सामुदायिक चूल पेटायची, आणि चाळीतल्या इंदूमावशी ती सांभाळायच्या. त्यांचे यजमान बाबांच्याच खात्यात. धान्य लोक आणून द्यायचे. मी दवेसाहेबांच्या मागे लागून तुटलेल्या बडीचं एक पोतं मिळवलं आणि स्वतः हातगाडीवर घालून चुलीपाशी पोचवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोत्यात वरच पत्रकांचा गठ्ठा होता, तो मी पाहिलासुद्धा. डेमो करून दाखवायला थांबायला हवं होतं. पण मला महूला दुसरा डेमो होता, बस सुटत होती. मी ओरडून सांगितलं, "मावशी, लगेच करायची हं!" मावशींनी हात हलवला. लगेच म्हणजे त्यांना वाटलं, उद्याच.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी धरण्यावर आले. ऊन असं की ताडपत्रीला हात लावला तर चटका बसावा. लसणाच्या फोडणीचा झकास वास सुटला होता. चुलीवर एक पातेलं रटरटत होतं, आणि बाजूला दुसरं मोठं पातेलं झाकून ठेवलं होतं. मी सवयीने झाकण उचललं.

पाण्यावर फेस होता. बारीक, पांढरा, कडेला चिकटलेला.

"मावशी, ही कधी भिजवली?"

"काल दिवेलागणीला. का गं?"

"काल?"

"मग! कडधान्याप्रमाणे. तूच तर लिहिलंयस ना. माझ्या सूनबाईने सगळ्यांना वाचून दाखवलं, आपल्या मित्राने लिहिलंय म्हणून."

मी हात घालून एक तुकडा काढला. बोटांना बुळबुळीत लागला. वास घेतला. आंबूस, अगदी थोडा. 

"मावशी, हे फेकायचं. दोन्ही पातेली."

"पागल झाली का? फेसाचं काय एवढं? हरभऱ्याला पण येतो. आणि उकळून राहिलं आहे ना चांगलं!"

"उकळून जात नाही ते विष. मला लॅबमध्ये शिकवलंय."

"अगं शंभर माणसं बसली आहेत सकाळपासून!"

आवाज चढला तशी माणसं गोळा झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "कंपनीने शिकवून पाठवली दिसते भिया. काल वाटायचं, आज फेकायचं." दुसरा म्हणाला, "अरे, फुकटचं दिलं म्हणून सडकं दिलं काय?" मला काही ऐकू येत होतं, काही नाही. मी फक्त ताटं मोजत होते, अजून कुणाच्या हातात भरलेलं नाही ना एवढंच बघत होते.

तेव्हा बाबा पुढे आले. त्यांनी खांबाला अडकवलेलं पत्रक काढलं आणि मोठ्याने वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कडधान्याप्रमाणे वापरा. हे तू लिहिलंस?"

"ते वाक्य माझं नाही बाबा."

"मग?"

"पण सही माझी आहे. पत्रक माझंच आहे. ते वाक्य चूक आहे हे मला तेव्हाच माहीत होतं."

इंदूमावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की तसं पुन्हा कुणी पाहू नये. मग त्यांनी पदर खोचला, चुलीवरचं पातेलं फडक्याने धरलं आणि दोन बायकांच्या मदतीने भिंतीपलीकडच्या खड्ड्यात पालथं केलं. शंभर माणसांच्या तोंडचं. दुसरं पातेलंही गेलं. वर माती लोटली. कुणी सेव आणली, कुणी परमल, म्हणजे मुरमुरे, आणले, कुणी कांदा चिरला. लोक मुकाट्याने सेव-परमल खायला बसले, आणि मला जरा श्वास आला.

तेवढ्यात मावशी माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "मित्रा, बन्सीदादांनी खाल्लंय."

गिरणीतली जुनी रीत होती. खात्याचं जेवण असलं की पहिली वाटी सगळ्यात जुन्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला. त्याने चाखून 'ठीक है' म्हटलं की मगच पंगत बसायची. साचाखात्यातले सगळ्यात जुने जॉबर बन्सीदादा. बाबांना हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक त्यांनीच शिकवला होता. मी यायच्या जरा आधी ते एक वाटी नव्हे, दोन वाट्या खाऊन कडुनिंबाखाली बसले होते.

मी धावले. ते विडी ओढत होते.

"दादा, कसं वाटतंय? पोटात काही?"

"कई नी बेटी. म्हारो पेट मिल को बॉयलर है, सब गला देगो."

"दादा, दवाखान्यात चला."

"अरे बैठ तो सही. भाजी अच्छी थी."

मी बसले. असं बसणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. ते गिरणीच्या गोष्टी सांगत होते आणि मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते. घाम आला की मला वाटायचं, आलं. मग वाटायचं, उन्हाचा आहे. त्यांनी पोटावर हात ठेवला की मी उठायला जायचे, आणि ते हात खिशात घालून काडेपेटी काढायचे. एकदा त्यांनीच मला पाणी आणून दिलं. तासाभरात ते मध्येच बोलायचे थांबले, भिंतीकडे वळले आणि त्यांना उलटी झाली. मग दुसरी. मग उभं राहवेना.

टेम्पोतून आम्ही त्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. त्यांचं डोकं बाबांच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. पाय गार पडत चालले होते, आणि मी ते चोळत होते, जणू चोळण्याने पत्रक मागे घेता येणार होतं.

वॉर्डात तरुण डॉक्टर होता. सलाईन लावता लावता त्याने विचारलं, "बाबा, क्या खाया था?"

बन्सीदादांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. म्हणाले, "घर की दाल. बासी थी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. डॉक्टरने धरण्याच्या जेवणाचं नाव कागदावर लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी सरकारी माणूस येऊन चूल विझवून गेला असता. त्यांना तेवढंच निमित्त हवं होतं. आणि माझी नोकरी गेली असती. म्हातारा गळालेल्या अंगाने ह्या दोन्ही गोष्टी वाचवत होता. बाबा भिंतीकडे बघत उभे होते. डॉक्टरने 'दाल' लिहायला पेन टेकवलं.

मी भित्री आहे हे मला त्या दिवशी कळलं, कारण तोंड उघडायला मला फार वेळ लागला. पेन कागदावर फिरलं, मग मी बोलले. "डाळ नाही, डॉक्टर. सोयाबडी. काल संध्याकाळी पाण्यात घातलेली, सकाळपर्यंत तशीच होती. धरण्याच्या चुलीवर शिजवली. माझं पत्रक वाचून."

डॉक्टरने खोडलं आणि नव्याने लिहिलं. "और किसने खाया?" एवढंच विचारलं. "कुणी नाही," मी म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात बाबा म्हणाले, "उद्या चूल बंद करतील." आणि नारळपाणी आणायला गेले. ते रागावले होते की नाही हे मला आजवर माहीत नाही. चूल खरंच बंद झाली. ताडपत्री गुंडाळून नेली. धरणं चालू राहिलं, पण लोक दुपारी जेवायला घरी जायला लागले आणि घरी गेलेले सगळेच परत येत नव्हते. ते माझ्या खात्यावर आहे. बन्सीदादा चौथ्या दिवशी घरी आले. गाल बसलेले, काठी टेकत. मला बघून म्हणाले, "थने म्हारी दाल खराब कर दी, बेटी." आणि हसले. मला हसता आलं नाही.

पोलोग्राउंडला मी सगळं सांगितलं. दवेसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "दवाखाने के कागज पे अपना नाम है?"

"नाही. फक्त सोयाबडी आहे."

"फिर ठीक है." त्यांनी सुस्कारा टाकला. "आगे से ध्यान रखना."

"पत्रक, सर?"

"नया छापेंगे. ये स्टॉक तो निकलने दो."

देशपांडेबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. त्यांचाही पगार होता. गोदामात गठ्ठ्यांवर गठ्ठे होते, आणि प्रत्येक नव्या पाकिटात एक पत्रक घडी होऊन बसत होतं. मी तिथे उभी राहून त्या घड्या बघितल्या. चाळीत मी दारोदार फिरले, ती ओळ पेनने खोडत. कुणी पत्रक मसाल्याच्या फळीवर अंथरलेलं, कुणी भिंतीला चिकटवलेलं. जी बाहेर गेली होती, महूला, देवासला, कुठल्या कुठल्या गावात, त्यांचं मी काय करणार होते?

पुढच्या आठवड्यात अन्नपूर्णा भागात डेमो होता, एका देवळाशेजारच्या सभागृहात. बायका भरपूर, हॉल भरलेला. दारातच आमच्या माणसाने प्रत्येकीच्या हातात एकेक फुकट पाकीट दिलं होतं, आत तेच पत्रक. दवेसाहेब स्वतः मागे उभे. मी कढई ठेवली, पाणी तापवलं, बडी टाकली. घरात पगार अजूनही एकटा माझाच होता.

मी म्हटलं, "बायांनो, पाकिटातल्या कागदावर एक ओळ चूक आहे, ती मीच छापू दिली. बडी कोरडी असेपर्यंत धान्यासारखी ठेवा. एकदा भिजली की तिला धान्य समजू नका. मटण समजा. मटण जसं ठेवत नाही, तशी ही ठेवू नका."

खुर्च्या सरकायला लागल्या. पुढच्या रांगेतल्या एक आजी नाकाला पदर लावून उठल्या. "हे काय गं बोलणं? संध्याकाळच्या वेळी, देवळाशेजारी!" त्यांच्यामागे त्यांच्या सुना उठल्या, मग शेजारणी, मग रांगच्या रांग. मी ओरडून सांगत होते, "ऐकून तरी जा! पुढचं ऐका! रात्रभर भिजवू नका!" पण पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही, कारण मागचा एक शब्द त्यांना पुरला होता. मागे उभे असलेले दवेसाहेबही निघून गेले होते. ती माझी नोकरी गेली, हे मला तिथेच कळलं.

आठ-दहा बायका बसून राहिल्या. एकीने पर्समधून पेन्सिल काढली होती. मी त्यांना शिकवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. जिन्यावर चपलांचे आवाज येत होते. मी खिडकीपाशी धावले. खाली रस्त्यावर त्या सगळ्या घोळक्याने चालल्या होत्या, तावातावाने हातवारे करत, माझ्या नावाने बोटं मोडत.

पाकीट मात्र एकीनेही खाली ठेवलं नव्हतं.